सॅक पॅनिक: फायरवॉल असताना कर्नल अपडेट करायलाच हवा का?

हळदीचे_पेव

सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात सेंटओएस ७ चा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर आहे, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३.१०.०-८६२. बँकिंगचं सॉफ्टवेअर त्याच्यावर चालतं. जत, आटपाडी, शिराळा, पलूस इथल्या शाखा इंटरनेटवरून ४४३ पोर्टला जोडतात. काउंटरवर विंडोज ७ आणि विंडोज १० अशी मिसळ आहे.

ऑडिटच्या अहवालात "सीव्हीई-२०१९-११४७७, सॅक पॅनिक, गंभीर" असा शेरा आलाय. सीव्हीई म्हणजे सुरक्षा दोषाचा नोंदणी क्रमांक, आणि या दोषानं बाहेरून सर्व्हर बंद पाडता येतो. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांचं म्हणणं, "पुढे फायरवॉल आहे, फक्त ४४३ उघडा आहे, कर्नलला हात लावू नका, सॉफ्टवेअर बंद पडेल." संचालक मंडळाला हे पटलंय. मला पटत नाही, पण मुद्देसूद उत्तर द्यायचंय.

१) फायरवॉलमुळे हा हल्ला अडतो का?
२) कर्नल न बदलता तात्पुरता काही उपाय आहे का?
३) विंडोजच्या यंत्रांना असंच काही लागू होतं का?

कुपवाडकर

पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. ४४३ उघडा आहे ना? मग हल्ला ४४३ वरूनच येतो. त्यातलं एकेक पॅकेट नियमात बसणारं असतं, फायरवॉलला त्यात वावगं काही दिसत नाही.

कृष्णाकाठ

कुपवाडकर म्हणतात ते बरोबर आहे. मंडळापुढे मांडायचंय म्हणून आत काय घडतं ते सविस्तर लिहितो. कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर ती मूळ अक्षरांतच द्यायची.

टीसीपीमध्ये (दोन यंत्रांतली जोडणी सांभाळणारा नियमसंच) वाटेत पॅकेट हरवलं की घेणारा पाठवणाऱ्याला सांगतो, "अमुक तुकडे मिळाले, मधला तेवढा परत पाठव." हेच सॅक, १९९६ च्या आरएफसी २०१८ मधलं. पाठवणारं लिनक्स न पोचलेला डेटा रांगेत धरून ठेवतं. सॅक येत जाईल तसे रांगेतले शेजारशेजारचे बफर एकत्र करतं. एका बफरात जास्तीत जास्त १७ खण, एक्स८६ वर प्रत्येक खण ३२ केबीपर्यंत.

आता जोडणी सुरू होताना समोरच्यानं "मला एका वेळी ४८ बाइटच द्या" असा एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाची कमाल मर्यादा) सांगितला, तर त्यातले ४० बाइट टीसीपी ऑप्शन खाऊ शकतात. डेटाला उरतात ८. हिशेब करा: १७ × ३२ × १०२४ = ५,५७,०५६ बाइट, भागिले ८ = ६९,६३२ सेगमेंट. ही संख्या ठेवायला कर्नलनं दिलेली जागा १६ बिटांची, म्हणजे कमाल ६५,५३५. आकडा उलटतो, हिशेब जुळत नाही, आणि कर्नलमधली बग_ऑन ही तपासणी संपूर्ण यंत्र थांबवते.

यात पासवर्ड लागत नाही, लॉगिन लागत नाही. सर्व्हरकडून थोडा मोठा डेटा मागवता आला की पुरे, आणि वेबसर्व्हरचं कामच ते. लिनक्स २.६.२९ पासून पुढच्या सगळ्या कर्नलमध्ये हा दोष होता. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी तो शोधला, १७ जून २०१९ ला जाहीर झाला. ४.४.१८२, ४.९.१८२, ४.१४.१२७, ४.१९.५२ आणि ५.१.११ या आवृत्त्यांत दुरुस्त झाला.

भडंग_स्पेशल

म्हणजे डेटा चोरीला जात नाही, फक्त सर्व्हर बंद पडतो? मग "गंभीर" कशाला? रिस्टार्ट केला की झालं.

कृष्णाकाठ

@भडंग_स्पेशल, रिस्टार्ट केल्यावर पुन्हा तेच पॅकेट पाठवायला समोरच्याला काही सेकंद लागतात. आणि पॅनिक म्हणजे डेटाबेसचं वायर खेचल्यासारखं बंद होणं. अर्ध्यावरचे व्यवहार परत फिरवले जातात, पण काउंटरवरच्या माणसानं रोकड मोजून दिलेली असते. मार्चअखेरीला किंवा उसाची बिलं जमा होण्याच्या दिवशी हे झालं तर शाखेत काय होईल ते तुम्हीच बघा.

औदुंबर_घाट

त्यात एक भर. मूळ लिनक्समध्ये कर्नल.पॅनिक ची किंमत ० असते, म्हणजे पॅनिक झाल्यावर यंत्र तसंच अडकून पडतं, कुणीतरी जाऊन बटण दाबेपर्यंत. शाखेत, विशेषतः जत-आटपाडीकडे वेगळा लिनक्स सर्व्हर असेल तर सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंग्जच्या) फाइलीत कर्नल.पॅनिक=१० लिहून ठेवा. दहा सेकंदांनी यंत्र आपोआप पुन्हा सुरू होईल. केडंप सुरू असेल तर आधी मेमरीची नोंदही डिस्कवर उतरेल, ती तपासाला लागते. हा इलाज नव्हे, फक्त खोळंबा कमी होतो.

चार_भिंती

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत: सिसकंट्रोल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.टीसीपी_सॅक=०. रीबूट नको, कर्नलला हात नको. विषय संपला.

कुपवाडकर

@चार_भिंती, सातारकरांना नमस्कार, पण विषय संपत नाही. तीन कारणं.

एक, ही किंमत बदलल्यावर नव्या जोडण्यांनाच लागू होते. आधी जुळलेल्या जोडण्या सॅकसहच चालू राहतात.

दोन, त्याच दिवशी आणखी दोन लिनक्स दोष जाहीर झाले. सीव्हीई-२०१९-११४७८ मध्ये रांगेचे इतके बारीक तुकडे होतात की सीपीयू ते चाळण्यातच गुंततो. ११४७९ मध्ये एमएसएस कमी सांगून सर्व्हरला नाहक हजारो छोटी पॅकेटं पाठवायला लावतात. सॅक बंद केल्यानं पहिले दोन अडतात, ११४७९ अडत नाही.

तीन, सॅक बंद म्हणजे एका फेरीत एकच हरवलेला तुकडा भरून निघतो. शाखेची लाइन ८० मिलिसेकंदांची असेल आणि एका दमात पाच पॅकेटं गळाली तर ४०० मिलिसेकंद नुसते भरपाईत जातात. जतसारख्या ठिकाणी वायरलेस लिंकवर किंवा ४जी डोंगलवर पावसात गळती होतेच. तिथला माणूस फोन करून सांगणार, "सिस्टिम स्लो झालीया."

चार_भिंती

दुसरं कारण मान्य. तिसरं मात्र मोठं करून सांगताय. पतसंस्थेच्या व्यवहाराचं पान ४०-५० केबीचं असतं, त्याला सॅक असला काय नि नसला काय, फरक जाणवत नाही. रोजचा बॅकअप बाहेर पाठवत असतील तरच फरक पडेल.

मिरज_जंक्शन

दोघांच्या मध्ये बसणारा उपाय: कमी एमएसएसच्या जोडण्याच नाकारा. यानं तिन्ही दोष अडतात आणि सॅक चालू राहतो.

आयपीटेबल्स -आय इनपुट १ -पी टीसीपी --टीसीपी-फ्लॅग्ज सिन सिन -एम टीसीपीएमएसएस --एमएसएस १:५०० -जे ड्रॉप

हमखास चुकतं ते इथे:

बहुतेक ठिकाणी हा नियम -ए देऊन लिहिलेला सापडतो. -ए म्हणजे यादीच्या तळाला. वर "४४३ स्वीकारा" असा नियम आधीच असला की पॅकेट तिथेच आत जातं, खालच्या नियमापर्यंत पोचतच नाही. म्हणून -आय आणि १, म्हणजे यादीत सगळ्यांत वर.

नेट.आयपीव्ही४.टीसीपी_एमटीयू_प्रोबिंग ची किंमत ० आहे ना ते बघा. प्रोबिंग चालू असेल तर जोडणी सुरू झाल्यानंतरही एमएसएस खाली आणता येतो, आणि हा नियम फक्त सुरुवातीचं सिन पॅकेट पाहतो.

आयपीव्ही६ ला आयपी६टेबल्स मध्ये हाच नियम वेगळा द्यावा लागतो.

सेंटओएस ७ वर फायरवॉलडी असतं. नुसती आयपीटेबल्सची कमांड दिली तर फायरवॉलडी रीलोड झालं किंवा सर्व्हर रीबूट झाला की नियम गायब. फायरवॉल-सीएमडी --परमनंट --डायरेक्ट --ॲड-रूल आयपीव्ही४ फिल्टर इनपुट ० असं लिहून पुढे -पी टीसीपी पासूनचा भाग तसाच जोडा आणि रीलोड करा.

५०० खालची जोडणी खरा ग्राहक सहसा करत नाही. इथल्या फायबरवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडणी घ्यायची पद्धत) असेल तर एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) १४९२, एमएसएस १४५२. व्हीपीएनमधून आलं तरी १३००-१४०० च्या आसपास. एसएस -टीआय दिलं की चालू जोडण्यांचा एमएसएस दिसतो. नियम लावण्याआधी दिवसभरात दोन-तीनदा बघून घ्या, सगळ्यांत लहान आकडा कितीचा आहे.

भडंग_स्पेशल

हे सगळं फायरवॉलवरच का नाही करायचं? राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्प असतोच की.

मिरज_जंक्शन

क्लॅम्प एमएसएस वरून खाली आणतो, खालचा वर चढवत नाही. हल्लेखोरानं ४८ सांगितला तर क्लॅम्प म्हणणार, "ठीक, १४५२ पेक्षा कमीच आहे." वेगळा नाकारण्याचा नियम फायरवॉलवर करता येत असेल तर जरूर करा, पण सर्व्हरवरचा काढू नका. कार्यालयाच्या आतल्या यंत्रातून आलेलं पॅकेट त्या फायरवॉलमधून जातच नाही.

अजिंक्यतारा_२

एक अपवाद नोंदवतो. पुढे रिव्हर्स प्रॉक्सी असेल, म्हणजे बाहेरची टीसीपी जोडणी तिथेच संपून आत नवी सुरू होत असेल, तर मागच्या सर्व्हरपर्यंत बाहेरचा एमएसएस आणि सॅक पोचत नाही. पुरवठादारांच्या "फायरवॉल"मध्ये अशी प्रॉक्सी असेल तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग त्या खोक्याचा कर्नल कोणता, हा प्रश्न येतो. बरीच खोकी आतून लिनक्सच असतात. दोष सर्व्हरवरून उचलून खोक्यावर ठेवला, एवढंच.

पुसेसावळीचा_बंड्या

थोडं विषयांतर. कॉलेजात शिकलेला "सिन फ्लड" तो हाच का?

कृष्णाकाठ

वेगळा. सॅक पॅनिक आणि त्याचे भाऊबंद कोडातल्या चुका आहेत, पॅच आला की मिटल्या. सिन फ्लड टीसीपीच्या रचनेतच आहे.

लग्नाचा हॉल तोंडी बुक करणाऱ्यांसारखं आहे ते. व्यवस्थापक डायरीत तारीख अडवून ठेवतो, आगाऊ रक्कम द्यायला कुणी येतच नाही, आणि खऱ्या माणसाला "तारीख शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. सर्व्हर सिन आल्यावर रांगेत जागा अडवतो, सिन-ॲक पाठवतो, उत्तराची वाट बघतो. लिनक्समध्ये सिन-ॲक पाच वेळा पुन्हा पाठवतात, थांबे १, २, ४, ८, १६, ३२ सेकंद, म्हणजे एक खोटी जोडणी ६३ सेकंद जागा अडवते. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर असा हल्ला झाला, तेव्हा जगानं हे गांभीर्यानं घेतलं.

त्यावरची सिन कुकी डॅनियल बर्नस्टाइन यांची, त्याच वर्षीची. डायरीत काही लिहायचंच नाही. सही केलेली चिठ्ठी पाहुण्याच्याच हातात द्यायची, चिठ्ठी घेऊन परत आला तरच नोंद करायची. ती चिठ्ठी म्हणजे सिन-ॲकचा ३२ बिटांचा क्रमांक: ५ बिट वेळेचे, ३ बिट एमएसएसचे, २४ बिट सहीचे.

सर्व्हरवर नेट.आयपीव्ही४.टीसीपी_सिनकुकीज १ आहे ना बघा, बहुधा असतोच. सोमॅक्सकॉन (वाट बघणाऱ्या जोडण्यांच्या रांगेची कमाल लांबी) मात्र बघायलाच हवा: लिनक्स ५.४ पासून तो ४०९६ आहे, त्याआधी १२८ होता. ३.१० वर १२८ च सापडेल. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) "पॉसिबल सिन फ्लडिंग ऑन पोर्ट ४४३" अशी ओळ दिसली म्हणजे दर वेळी हल्लाच असतो असं नाही. सकाळी शाखा एकदम उघडतात तेव्हा १२८ ची रांग भरली तरी तीच ओळ येते.

वारणेचा_वाघ

तिसरा प्रश्न राहिला, विंडोज.

सिन फ्लडपासूनचं संरक्षण व्हिस्टापासून आतच आहे. रजिस्ट्रीत सिनअटॅकप्रोटेक्ट लिहा असा सल्ला अजून फिरतो, तो एक्सपी आणि २००३ चा, आता त्याचा उपयोग शून्य.

ऑगस्ट २०१८ मध्ये लिनक्समध्ये दोन दोष निघाले. सेगमेंटस्मॅक, सीव्हीई-२०१८-५३९०: टीसीपीचे उलटसुलट क्रमाचे तुकडे पाठवून सीपीयू गुंतवणं, सेकंदाला दोन हजारांहून कमी पॅकेटांत. फ्रॅगमेंटस्मॅक, ५३९१: आयपीचे अपुरे तुकडे पाठवून तेच. दुसरा विंडोजलाही लागू निघाला, पॅच सप्टेंबर २०१८ चा. पॅच टाकता येत नसेल तर मायक्रोसॉफ्टनं दिलेला उपाय नेटएसएच इंट आयपीव्ही४ सेट ग्लोबल रीअसेंब्लीलिमिट=०. त्यानं तुकड्यांत आलेली पॅकेटं टाकली जाऊ शकतात, व्हीपीएनवरच्या शाखेत आधी एका यंत्रावर करून बघा.

ऑक्टोबर २०२० चा "बॅड नेबर", सीव्हीई-२०२०-१६८९८. आयपीव्ही६ च्या राउटर जाहिरातीत डीएनएसचा प्रकार २५ चा पर्याय असतो, त्याची लांबी विषम असायला हवी. सम लांबी दिली की विंडोज १० चा टीसीपी ड्रायव्हर चुकतो आणि निळा पडदा येतो. ही जाहिरात त्याच लॅनमधून येते. कार्यालयाच्या वायफायवर बसलेला कुणीही ती पाठवू शकतो, बाहेरच्या फायरवॉलला पत्ताही लागत नाही. पॅच होईपर्यंतचा उपाय नेटएसएच इंट आयपीव्ही६ सेट इंट, मग इंटरफेसचा क्रमांक, मग आरएबेस्डडीएनएसकॉन्फिग=डिसेबल. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून पुढे चालतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-३८०६३ आला, पुन्हा आयपीव्ही६, गुण १० पैकी ९.८. त्यात नुसतं यंत्र पाडण्यापलीकडे कोड चालवण्याचाही धोका होता. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे त्या यंत्रांना विंडोज अपडेटमधून याचा पॅच मिळणार नाही. त्यांच्यावर निदान नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांत आयपीव्ही६ ची खूण काढा. विंडोज १० चाही आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, हे मंडळाला सांगाच.

पुसेसावळीचा_बंड्या

पिंग ऑफ डेथ (वाजवीपेक्षा मोठं पिंग पाठवून यंत्र पाडणं) तर १९९६ चा ना? अजून तसलंच सापडतंय?

वारणेचा_वाघ

हो, कारण नवा कोड लिहिताना जुनी तपासणी राहून जाते. आयपी पॅकेट कमाल ६५,५३५ बाइटचं. तुकड्याच्या जागेचा आकडा मात्र ६५,५२८ पर्यंत जातो, तिथे मोठा तुकडा ठेवला की जोडल्यावर मर्यादा ओलांडली जाते. हे १९९६-९७ ला कळलं, तरी ऑगस्ट २०१३ मध्ये विंडोजच्या आयसीएमपीव्ही६ मध्ये पिंगनं यंत्र पाडणारा दोष पुन्हा दुरुस्त करावा लागला. पाठवणारा आणि घेणारा पत्ता एकच टाकणारा "लँड" १९९७ चा, २००५ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकमध्ये परत आला. म्हणून "हे जुनं आहे, आता होत नाही" हे उत्तर ऑडिटमध्ये चालवून घेऊ नये.

भडंग_स्पेशल

गिटहबवर याचे कोड असतात. एकदा स्वतःच मारून बघितलं तर? मंडळालाही दाखवता येईल.

अजिंक्यतारा_२

चालू सर्व्हरवर अजिबात नको. स्वतःच्या लॅपटॉपवरच्या दोन व्हर्च्युअल यंत्रांत काय करायचं ते करा. दुसऱ्याच्या सर्व्हरची सेवा अडवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३(एफ) मध्ये बसतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा कपटानं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

नियम लागला का हे बघायला हल्ल्याची गरजही नाही. बाहेरच्या एका लिनक्स लॅपटॉपवर त्या सर्व्हरपुरता रूट द्या: आयपी रूट ॲड, सर्व्हरचा पत्ता, व्हाया गेटवे, ॲडव्हएमएसएस ४००. मग कर्ल करा. जोडणी लटकली आणि सर्व्हरवर आयपीटेबल्स -एल इनपुट -व्ही -एन मध्ये त्या नियमाचा आकडा वाढला तर नियम काम करतोय. नंतर तो रूट काढायला विसरू नका.

खरा हल्ला झालाच तर सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवावं लागतं, आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. सर्व्हर पॅनिक होऊन लॉगच डिस्कवर उतरले नाहीत तर काय दाखवणार? आरसिसलॉगनं लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय आत्ताच करा.

कुपवाडकर

मूळ प्रश्नाकडे येतो. "कर्नलला हात लावला तर सॉफ्टवेअर बंद पडेल" यावर बोलायला हवं, कारण मंडळ तिथेच अडलंय.

सेंटओएस ७ मध्ये कर्नलचा मुख्य आकडा ३.१०.० च राहतो, दुरुस्त्या मागे आणून त्यातच घालतात. सॅक पॅनिकची दुरुस्ती ३.१०.०-९५७.२१.३ मध्ये आली. बँकिंग सॉफ्टवेअर जावा आणि डेटाबेसवर चालतं, त्याला ८६२ जाऊन ११६० आलेलं कळणारही नाही. अडचण येते ती बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरची: डिस्क सांभाळणारं रेड (आरएआयडी) कार्ड, एखादं यूएसबी डोंगल, काही अँटिव्हायरसची कर्नल मॉड्यूलं. एलएसमॉडची यादी काढा, मग प्रत्येक नावावर मॉडइन्फो देऊन फाइल एक्स्ट्रा किंवा अपडेट्स फोल्डरमधली आहे का बघा. पुरवठादारांना नेमका हाच प्रश्न विचारा, "तुमचं कोणतं मॉड्यूल कर्नलवर अवलंबून आहे?" नाव सांगता आलं नाही तर हरकत उरत नाही.

क्रम असा. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपला, त्यामुळे यम अपडेट दिल्यावर मिरर सापडत नाही म्हणून चूक येईल. रेपोच्या फाइलीतली मिररलिस्टची ओळ बंद करून बेसयूआरएल व्हॉल्टच्या (जुन्या आवृत्त्यांचं भांडार) ७.९.२००९ कडे वळवा. डीएफ -एच /बूट बघा. बूटचं पार्टिशन भरलेलं असेल तर नवा कर्नल अर्धवट बसतो आणि रीबूटला यंत्र उठत नाही. पॅकेज-क्लीनअप --ओल्डकर्नल्स --काउंट=२ नं जुने काढा. मग यम अपडेट कर्नल, मग ग्रबी --डिफॉल्ट-कर्नल नं नवाच निवडलाय ना ते पाहा. शनिवारी संध्याकाळी दिवसअखेर झाल्यावर, पूर्ण बॅकअप घेऊन रीबूट. जुना कर्नल ग्रबच्या यादीत राहतोच, काही अडलं तर त्यावरून सुरू करता येतं.

शेवटी युनेम -आर देऊन प्रत्यक्ष कोणता कर्नल चालू आहे ते बघा. पॅकेज बसलंय पण रीबूट झालेलं नाही, असे सर्व्हर "अपडेटेड" म्हणून दाखवले जातात. ऑडिटरला आरपीएम -क्यू --चेंजलॉग मधली २०१९-११४७७ ची ओळ आणि युनेमचं उत्तर, दोन्ही द्या.

चार_भिंती

यावर पूर्ण सहमत. फक्त ७.९ वर थांबू नका, तिथेही नवे पॅच येणार नाहीत. अल्मा किंवा रॉकी (सेंटओएसच्या जागी आलेले लिनक्स) ८ वर जायचा ठराव त्याच बैठकीत घ्या.

हळदीचे_पेव

सगळ्यांचे मनापासून आभार. मिरज_जंक्शन यांचा नियम आधी लावतो, शनिवारी कर्नल, आणि पुढच्या बैठकीत आठव्या आवृत्तीचा ठराव. मॉड्यूलचा प्रश्न पुरवठादारांना लेखी पाठवलाय.

एक राहिलं. बॅकअपचं एक जुनं एनएएस (नेटवर्कवरचं डिस्कचं खोकं) आहे आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर. दोन्हींत लिनक्स आहे, दोन्हींचं फर्मवेअर कंपनीनं बंद केलंय.

मिरज_जंक्शन

डीव्हीआरचं राउटरवरचं पोर्ट फॉरवर्डिंग आजच काढा, यूपीएनपीही बंद करा, नाहीतर तो स्वतःच पोर्ट पुन्हा उघडेल. एनएएसच्या नेटवर्क सेटिंगमध्ये गेटवे रिकामा ठेवा. मग बाहेरच्या पत्त्याला त्याचं उत्तरच जाऊ शकत नाही, टीसीपी जोडणी पुरी होत नाही, आणि सॅक पॅनिकला पुरी झालेली जोडणी लागते. लॅनमधल्या यंत्रांकडून धोका उरतो, म्हणून एनएएसवर परवानगी फक्त बॅकअप सर्व्हरच्या आयपीला द्या, आणि स्विचवर व्हीलॅनची (नेटवर्कचे वेगळे कप्पे पाडण्याची) सोय असेल तर दोन्ही वेगळ्या व्हीलॅनमध्ये टाका. गेटवे काढल्यावर एनटीपी (घड्याळ जुळवण्याची सोय) बंद पडेल, तेवढी वेळ बॅकअप सर्व्हरकडून घ्यायला लावा, नाहीतर बॅकअपच्या तारखा चुकतील.